मोडल क्रियापदाच्या आधी की नंतर? इंग्रजी वाक्यातील क्रियाविशेषणाच्या जागेविषयी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. एका संगणकप्रणालीच्या माहितीपुस्तिकेचा इंग्रजी मसुदा तुम्ही तयार केला. त्यात तुम्ही 'यूझर्स शुड ऑल्वेज सेव्ह द फाइल' असे लिहिले होते, ते सहकाऱ्याने 'यूझर्स ऑल्वेज शुड सेव्ह द फाइल' असे बदलले आणि कारण दिले की सहायक क्रियापद व मुख्य क्रियापद यांची जोडी मध्ये शब्द घालून तोडू नये. 'द डेटा कुड हॅव बीन ईझिली लॉस्ट' आणि 'यू कान्ट सिम्प्ली डिलीट द अकाउंट' या दोन वाक्यांवरही खुणा झाल्या आहेत. यांतले बरोबर कोणते आणि त्यामागचा नियम काय, हे तुम्हाला हवे आहे.

पहिल्या वाक्याचा निकाल आधी देतो, कारण तो सरळ आहे. तुमचे मूळ वाक्य योग्य होते आणि ते तसेच ठेवावे. ऑल्वेज, नेव्हर, ऑफन, युज्वली यांसारखी वारंवारता सांगणारी क्रियाविशेषणे, तसेच प्रॉबेब्ली, सर्टनली यांसारखी खात्रीची पातळी सांगणारी क्रियाविशेषणे होकारार्थी वाक्यात मोडलच्या, म्हणजे शक्यता, सामर्थ्य किंवा कर्तव्य सांगणाऱ्या सहायक क्रियापदाच्या, लगेच नंतर येतात. कॅन, कुड, मे, माइट, मस्ट, शॅल, शुड, विल, वुड या नऊही मोडलना हे सारखेच लागू आहे. जोडी तोडू नये हा नियम मात्र इंग्रजीत नाही. 'टू' आणि क्रियापद यांच्यामध्ये शब्द घालू नये, असा एक जुना आग्रह होता, त्याचाच विस्तार करून अनेकांनी तो सगळ्या सहायक क्रियापदांना लावला असे मला वाटते. पण मोडलनंतर 'टू' येतच नाही, त्यामुळे तो आग्रह मान्य केला तरी तुमच्या वाक्याला तो लागू होत नाही.

सहकाऱ्याचे वाक्य व्याकरणाने चुकीचे नाही, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकी इंग्रजीत सहायक क्रियापदाच्या आधी क्रियाविशेषण ठेवण्याची पद्धत तुलनेने अधिक आहे, आणि बोलताना 'शुड' या शब्दावर जोर द्यायचा असेल तर ती जागा कुठेही स्वाभाविक वाटते. परंतु माहितीपुस्तिकेतल्या शांत, सरळ सूचनेत तो जोर अनाठायी वाटतो.

मी अनेक वर्षे मराठी भाषकांनी लिहिलेले इंग्रजी अहवाल, शोधनिबंध आणि सूचनापत्रके तपासत आलो आहे. या कामातून माझी एक धारणा पक्की झाली. क्रियाविशेषण मोडलच्या आधी की नंतर, असे विचारले तर उत्तर दर वेळी निराळे मिळते आणि माणूस गोंधळतो. त्याऐवजी हे क्रियाविशेषण वाक्यातल्या कोणत्या भागावर बोलत आहे, असे विचारावे. इंग्रजीत या शब्दाचा अंमल साधारणपणे त्याच्या उजवीकडे जे उभे आहे त्यावर चालतो. मोडलच्या आधी उभे राहिले तर मोडल, त्याला चिकटलेला नकार आणि पुढचे सर्व काही त्याच्या अमलाखाली येते. मोडलच्या नंतर उभे राहिले तर मोडल व नकार बाहेर राहतात. आणि मुख्य क्रियापदाला अगदी खेटून उभे राहिले तर ते फक्त क्रिया कशी झाली एवढेच सांगते. होकारार्थी वाक्यात पहिल्या दोन जागांमुळे अर्थ फारसा हलत नाही, म्हणून तिथे रूढ जागा पाळली की पुरते. खरी कसोटी नकारार्थी वाक्यात आणि दोन-तीन सहायक क्रियापदे असलेल्या वाक्यात लागते.

मराठी भाषकाला हे अवघड का जाते, याचे कारण आपल्या वाक्यरचनेत आहे. आपल्याकडे शक्यता, सामर्थ्य किंवा कर्तव्य सांगणारा अंश वाक्याच्या शेवटी येतो: 'करू शकतो', 'करायला हवे', 'करील'. क्रियाविशेषण त्याआधीच येऊन गेलेले असते आणि 'करू नेहमी शकतो' असे कोणी म्हणत नाही. त्यामुळे क्रियापद व त्याचा सहायक यांच्यामध्ये जागा आहे, ही कल्पनाच आपल्या सवयीत नाही, असे वरवर पाहता वाटते. पण ती आहे, फक्त ती जागा आपण पूर्ण शब्दांना न देता अव्ययांना देतो. 'येऊच शकत नाही', 'येऊही शकतो', 'करू तरी शकतो' या रचनांत च, ही, तरी हे नेमके त्या फटीत बसले आहेत. 'येऊ शकत नाही' आणि 'येऊच शकत नाही' यांतला फरक ज्याला ऐकू येतो, त्याला इंग्रजीतला हा फरक समजायला वेळ लागत नाही. मी शिकवताना हाच दुवा वापरतो.

तुमचे तिसरे वाक्य याच दुव्याने उलगडते. 'यू सिम्प्ली कान्ट डिलीट द अकाउंट' म्हणजे 'तुम्ही हे खाते काढून टाकूच शकत नाही'. इथे 'सिम्प्ली' नकाराच्या आधी आहे, म्हणून ते नकारालाच बळ देते. 'यू कान्ट सिम्प्ली डिलीट द अकाउंट' म्हणजे 'तुम्ही हे खाते नुसते काढून टाकू शकत नाही', त्याआधी आणखी काही करावे लागेल. इथे 'सिम्प्ली' नकाराच्या नंतर आहे, म्हणून नकारच त्याच्यावर चालतो आणि 'नुसते तेवढे पुरणार नाही' असा अर्थ निघतो. दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. तुम्ही पुढच्या ओळीत शिल्लक रक्कम आधी वळती करण्याची पायरी दिली आहे असे मसुद्यावरून दिसते, म्हणजे तुम्हाला दुसरा अर्थ हवा आहे आणि तुमचे वाक्य बरोबर आहे. ज्याने खूण केली त्याला ते दुरुस्त करायचे असेल, तर त्याने आधी ती पुढची ओळ वाचायला हवी होती.

नकाराचा विषय निघाला आहे तर त्यावर थोडे थांबतो, कारण माझ्यापुढे येणाऱ्या चुकांपैकी ज्या चुकांनी अर्थ खरोखर बिघडतो त्या बहुतेक इथल्याच असतात. होकारार्थी वाक्यात 'शी विल प्रॉबेब्ली कम' असे आपण लिहितो आणि त्याच साच्यात नकार भरून 'शी वोन्ट प्रॉबेब्ली कम' असे करतो. हे इंग्रजी कानाला खटकते. 'प्रॉबेब्ली' हा शब्द साऱ्या विधानाच्या खात्रीविषयी बोलतो, म्हणून तो नकाराच्या आत शिरायला तयार नसतो. तो नकाराच्या आधीच हवा. त्यासाठी दोन मार्ग आहेत. नकार संक्षिप्त असेल तर 'शी प्रॉबेब्ली वोन्ट कम', आणि 'नॉट' सुटा लिहिला असेल तर 'शी विल प्रॉबेब्ली नॉट कम'. दोन्हींत 'प्रॉबेब्ली' मोडलच्या वेगवेगळ्या बाजूंना आहे, तरीही नकाराच्या मात्र आधीच आहे. सर्टनली आणि डेफिनेटली यांचेही असेच.

मग 'आय कान्ट पॉसिब्ली ॲक्सेप्ट धिस' हे कसे चालते, असा प्रश्न चांगला विद्यार्थी नेहमी विचारतो. चालते, कारण इथे 'पॉसिब्ली' खात्रीची पातळी सांगत नाही; ते 'कॅन' मधल्या शक्यतेलाच पकडते आणि नकार त्या शक्यतेवर पूर्ण पडदा टाकतो. अर्थ होतो: 'हे स्वीकारणे मला कदापि शक्य नाही'. तोच शब्द डावीकडे नेऊन 'आय पॉसिब्ली कान्ट ॲक्सेप्ट धिस' असे लिहिले तर 'कदाचित मला हे स्वीकारता येणार नाही' असा मवाळ अर्थ निघेल. ठाम नकार आणि डळमळीत नकार यांच्यामध्ये फक्त एका शब्दाची जागा उभी आहे. पत्रव्यवहारात हा फरक महाग पडू शकतो.

'स्टिल' या शब्दाचेही असेच आहे. 'ही स्टिल कान्ट वर्क' म्हणजे 'तो अजूनही काम करू शकत नाही'. 'ही कान्ट स्टिल बी वर्किंग' म्हणजे 'तो अजून काम करत असेल हे शक्य नाही'. पहिल्या वाक्यात असमर्थता चालू आहे, दुसऱ्या वाक्यात काम चालू असण्यावरच आपण अविश्वास दाखवत आहोत. तक्रारीच्या पत्रात आपल्याला जवळजवळ नेहमी पहिला अर्थ हवा असतो, म्हणून 'आय स्टिल कान्ट ओपन द फाइल' असे लिहावे. 'आय कान्ट स्टिल ओपन' असे लिहू नये.

'ऑल्वेज' आणि नकार यांच्या बाबतीत मात्र अडचण इंग्रजीपेक्षा आपल्या मराठीची आहे. 'ही प्रणाली नेहमी उत्तर देऊ शकत नाही' या वाक्याचे दोन अर्थ होतात. ती दर वेळी अपयशी ठरते, किंवा ती काही वेळा अपयशी ठरते. मराठीत बोलताना आपण आवाजाच्या चढउताराने किंवा 'नेहमीच देऊ शकेल असे नाही' आणि 'कधीच देऊ शकत नाही' अशा वेगळ्या रचनांनी हे निभावून नेतो. इंग्रजीत 'द सिस्टीम कान्ट ऑल्वेज रिस्पॉन्ड' याचा अर्थ एकच: काही वेळा देते, काही वेळा देत नाही. दुसरा अर्थ हवा असेल तर 'कॅन नेव्हर रिस्पॉन्ड' असेच लिहावे लागते. म्हणून अशा वाक्याचे भाषांतर करण्यापूर्वी आपल्याच मराठी वाक्याला विचारावे की तुला 'कधीच नाही' म्हणायचे आहे की 'दर वेळी नाही'. ते ठरले की जागेचा प्रश्न उरत नाही.

आतापर्यंतचे एका ओळीत सांगायचे तर, साध्या होकारार्थी वाक्यात मोडलच्या नंतर, आणि नकार आला की आधी त्या शब्दाचे नकाराशी नाते ठरवावे व मग त्याला डावी किंवा उजवी बाजू द्यावी. याच्या पुढे तुमचे दुसरे वाक्य येते, ज्यात मोडलबरोबर आणखी सहायक क्रियापदे आहेत.

'द डेटा कुड हॅव बीन लॉस्ट' या वाक्यात मुख्य क्रियापदाच्या आधी तीन सहायक शब्द आहेत, आणि 'ईझिली' त्यांतल्या प्रत्येकानंतर बसू शकते. 'कुड ईझिली हॅव बीन लॉस्ट', 'कुड हॅव ईझिली बीन लॉस्ट' आणि 'कुड हॅव बीन ईझिली लॉस्ट' ही तिन्ही रूपे छापील इंग्रजीत आढळतात. पण ती सारखी नाहीत. 'कुड' च्या जवळ असताना 'ईझिली' शक्यतेविषयी बोलते: माहिती जाण्याचा धोका अगदी जवळ होता, थोडक्यात वाचली. 'लॉस्ट' च्या जवळ असताना ते क्रियेच्या रीतीविषयी बोलण्याकडे झुकते: सहजपणे हरवली गेली असती. माहिती कोणी कौशल्याने आणि सहजपणे हरवत नाही, म्हणून तुमच्या वाक्यात पहिली जागा उत्तम आणि मधली चालण्यासारखी आहे. मी तिथे 'द डेटा कुड ईझिली हॅव बीन लॉस्ट' असे करीन. उलट क्रियापद 'रिकव्हर्ड' असते, म्हणजे माहिती परत मिळवण्याविषयी वाक्य असते, तर रीतीचा अर्थ अगदी समर्पक झाला असता आणि 'कुड हॅव बीन ईझिली रिकव्हर्ड' या रचनेला मी हात लावला नसता.

ज्या शब्दांना रीत किंवा प्रमाण यांखेरीज दुसरा अर्थच नाही, त्यांना हा पर्याय मिळत नाही. 'द मशीन कुड हॅव बीन बॅडली डॅमेज्ड' हेच बरोबर. 'कुड बॅडली हॅव बीन डॅमेज्ड' असे होत नाही, कारण 'बॅडली' नुकसानीचे प्रमाण सांगते आणि त्याला 'डॅमेज्ड' पासून दूर करता येत नाही. 'ऑलरेडी' मात्र मोकळे आहे: 'ही मे ऑलरेडी हॅव लेफ्ट' आणि 'ही मे हॅव ऑलरेडी लेफ्ट' यांत मला अर्थाचा फरक जाणवत नाही; कोणतेही एक घ्यावे आणि पूर्ण मजकुरात तेच ठेवावे.

रीतीचा विषय आला आहे म्हणून माझ्या टेबलावरचे एक वाक्य दाखवतो. दुरुस्तीनंतरच्या यंत्राविषयी एका अभियंत्याने अहवालात लिहिले होते: 'द मशीन मे वेल वर्क आफ्टर द रिपेअर'. त्याच्या मनात होते, यंत्र चांगले चालू शकेल. मराठीत 'चांगले' क्रियापदाच्या आधी येते, म्हणून 'वेल' ही 'वर्क' च्या आधी आले. पण मोडलच्या नंतर बसलेले 'वेल' हे 'चांगले' राहत नाही. 'मे वेल', 'माइट वेल', 'कुड वेल' यांचा अर्थ 'बरीच शक्यता आहे' असा होतो. वाचणाऱ्याला कळले ते एवढेच की यंत्र बहुधा चालू होईल. त्याने उलट विचारले की दुरुस्ती करूनही तुम्हाला खात्री नाही का, आणि अभियंत्याला हा प्रश्न कुठून आला तेच कळेना. 'द मशीन मे वर्क वेल' एवढा एक शब्द मागे नेल्यावर सारे सरळ झाले. 'ही कॅन वेल स्पीक इंग्लिश' हीदेखील याच सवयीतून येणारी चूक आहे. तिथे 'वेल' कर्माच्या नंतर, वाक्याच्या शेवटी जाते. रीतीची क्रियाविशेषणे शेवटी ठेवणे सहसा सुरक्षित असते, फक्त ती क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये पडू नयेत: 'यू मस्ट रीड द फॉर्म केअरफुली' किंवा 'यू मस्ट केअरफुली रीड द फॉर्म', पण 'यू मस्ट रीड केअरफुली द फॉर्म' नव्हे. टुमॉरो, येस्टरडे असे नेमकी वेळ सांगणारे शब्दही शेवटी किंवा सुरुवातीला जातात. बातम्यांत 'विल टुडे अनाउन्स' अशी रचना दिसते, ती वृत्तलेखनाची लकब आहे आणि पुस्तिकेत ती घेऊ नये.

मोडलच्या आधीची जागा होकारार्थी वाक्यातही कधी आवश्यक होते, हे सहसा शिकवले जात नाही. मुख्य क्रियापद गाळून उत्तर दिले की मोडल वाक्याच्या शेवटी येते आणि क्रियाविशेषण त्याच्या आधी सरकते: 'यस, आय सर्टनली विल', 'आय ऑल्वेज कॅन', 'शी प्रॉबेब्ली शुड'. याचे कारण उच्चारात आहे. वाक्याच्या मध्ये 'कॅन' चा उच्चार घाईत 'कन्' इतका हलका होतो, पण पुढचे क्रियापद गळले की तो पूर्ण आणि ठळक उच्चारावा लागतो. आणि मोडल जिथे ठळक होते तिथे क्रियाविशेषण त्याच्या आधी जाते. जोर देऊन म्हटलेले 'यू रिअली मस्ट सी अ डॉक्टर' हे त्याच कारणाने बनते. सहकाऱ्याच्या 'ऑल्वेज शुड' मध्ये अनाठायी जोर ऐकू येतो असे मी वर म्हटले, ते यामुळेच.

प्रश्नार्थक वाक्यात मोडल कर्त्याच्या पुढे जाते, पण क्रियाविशेषण त्याच्याबरोबर जात नाही. ते कर्त्यानंतर थांबते: 'शुड यूझर्स ऑल्वेज सेव्ह द फाइल?'

'हॅव टू' हे अर्थाने 'मस्ट' च्या जवळ असले तरी रचनेने मोडल नाही, आणि म्हणून तुमच्या पुस्तिकेत एक विसंगती शिरण्याची शक्यता आहे. 'यू मस्ट ऑल्वेज सेव्ह द फाइल' मध्ये 'ऑल्वेज' नंतर येते, तर 'यू ऑल्वेज हॅव टू सेव्ह द फाइल' मध्ये ते आधी येते, कारण तिथे 'हॅव' साध्या क्रियापदासारखे वागते. नकारही त्याला 'डोन्ट' ने मिळतो: 'यू डोन्ट ऑल्वेज हॅव टू सेव्ह'. मसुद्यात सगळीकडे एकाच आदेशाने 'मस्ट' च्या जागी 'हॅव टू' घातले तर अशा प्रत्येक वाक्यात 'ऑल्वेज' चुकीच्या बाजूला राहील. असा बदल करायचा असल्यास ती वाक्ये हाताने तपासावीत.

शेवटचा शब्द 'ओन्ली', कारण सूचनापत्रकात तो सर्वांत जास्त गोंधळ करतो. 'यू कॅन ओन्ली प्रिंट द रिपोर्ट फ्रॉम द मेन मेन्यू' हे वाक्य बोलताना कोणालाही समजते, पण कागदावर त्याचे दोन अर्थ निघू शकतात: मुख्य मेन्यूतून फक्त छापताच येते, दुसरे काही करता येत नाही; किंवा छपाई फक्त मुख्य मेन्यूतूनच होते. रूढ जागा मोडलच्या नंतरचीच आहे आणि सर्वसाधारण लेखनात मी ती बदलत नाही. परंतु वापरकर्ता ज्या वाक्यावर भरवसा ठेवून कळ दाबणार आहे, तिथे 'ओन्ली' त्याच्या लक्ष्याला चिकटवतो: 'यू कॅन प्रिंट द रिपोर्ट ओन्ली फ्रॉम द मेन मेन्यू'. तुमच्या पुस्तिकेत 'ओन्ली' असलेले प्रत्येक वाक्य शोधून, 'फक्त काय?' असे त्याला विचारा आणि उत्तरात जो शब्द येईल त्याच्या आधी 'ओन्ली' ठेवा.